नाशिकमध्ये नव्याने राहायला येताय? घराच्या पाटीपासून वाढदिवसाच्या यादीपर्यंत

नोकरीसाठी, बदलीवर किंवा मुलांच्या शिक्षणासाठी नाशिकला आलेला माणूस घर शोधायला बसतो तो मोबाइल हातात घेऊन. तिथे घरे दिसतातही. पण या शहरातली बरीच चांगली घरे त्या यादीत कधी येतच नाहीत. सोसायटीच्या फलकावर एका कोपऱ्यात ‘या महिन्याचे वाढदिवस’ लिहिलेले असतात आणि त्याच्याच खाली ‘दुसरा मजला, भाड्याने देणे आहे’ अशी चिठ्ठी टाचलेली असते. ती चिठ्ठी वाचणारा पहिला माणूस म्हणजे तिथलाच रहिवासी. तो आपल्या भाच्याला सांगतो, ऑफिसातल्या सहकाऱ्याला सांगतो आणि आठवड्याभरात घर गेलेले असते.

म्हणून नवीन आलेल्यांना माझे सांगणे असते की घर शोधणे आणि माणसे जोडणे ही दोन कामे एकाच वेळी सुरू करा. ओळखीतून घर कळते, भाव कळतो, पाण्याची खरी स्थिती कळते. मात्र ओळख कितीही घट्ट झाली तरी व्यवहार कागदावरच करा. पुढचे सगळे या दोन गोष्टींभोवतीच आहे.

पायरी १ : आधी भाग ठरवा, मग घर

नाशिक एकसंध नाही. नकाशावर नाशिकरोड आणि मूळ नाशिक एकच शहर दिसते, पण नाशिकरोडच्या रेल्वे स्टेशनपासून शालिमार-सीबीएसचा (मध्यवर्ती बसस्थानकाचा) भाग ८-९ किलोमीटर दूर आहे आणि द्वारका चौकातली संध्याकाळची गर्दी ते अंतर आणखी वाढवते. तेव्हा कामाचे ठिकाण धरूनच भाग निवडा.

अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत काम असेल तर सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, अशोकनगर, सातपूर कॉलनी. नोटांच्या छापखान्यात, रेल्वेत किंवा सिन्नरच्या कारखान्यांत असाल तर नाशिकरोड, जेल रोड, उपनगर. ओझरला विमान कारखान्यात जाणाऱ्यांना आडगाव किंवा पंचवटी बरी पडते. म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठात काम असेल तर दिंडोरी रोडलाच पाहा. कॉलेज रोड, गंगापूर रोड, महात्मानगर हे भाग देखणे आहेत, शाळा-कॉलेजे जवळ आहेत, पण भाडे त्या मानाने चढे. देवळाली कॅम्प शांत आहे. तो कटक मंडळाचा, म्हणजे लष्करी छावणीच्या कँटोन्मेंट बोर्डाचा, भाग असल्याने तिथल्या जुन्या बंगल्यांच्या मालकीचे कागद शहरातल्यापेक्षा वेगळे असू शकतात. भाड्याने राहायला अडचण नाही, विकत घेताना मात्र त्या भागातले व्यवहार जाणणारा वकील गाठा.

महापालिकेची सिटीलिंक बस २०२१ पासून धावते. एखादा भाग आवडला तर सकाळच्या कामाच्या वेळी तिथून एकदा बसने कामावर जाऊन पाहा. मग घराची चौकशी करा.

पायरी २ : घरे कुठे कळतात

सगळ्यात आधी पायी फिरा. सायंकाळी पाच ते सात ही वेळ चांगली, कारण तेव्हा लोक खाली उतरलेले असतात. किराणा दुकानदार, इस्त्रीवाला, पिठाच्या गिरणीवाला, दूध केंद्र चालवणारा आणि सोसायटीचा वॉचमन या पाच जणांना परिसरातले रिकामे घर माहीत नसेल असे सहसा होत नाही. बाकावर बसलेल्या काकूंना नमस्कार करून सरळ विचारा, “काकू, आम्ही नवीन आलोय, अंबडला नोकरी आहे. तुमच्याकडे एखादं घर रिकामं होतंय का?” त्यावर तुमचे गाव कोणते, घरात कोण कोण, मुले किती, कुठे कामाला असे चार प्रश्न येतील. ती चौकशी मनाला लावून घेऊ नका. त्याच काकू रात्री जेवताना मालकाला फोन करून ‘माणसं बरी वाटली’ असे सांगणार आहेत.

दुसरी जागा म्हणजे वर्तमानपत्रे. ‘देशदूत’, ‘गावकरी’ ही नाशिकची आपली दैनिके आणि मोठ्या मराठी दैनिकांच्या नाशिक आवृत्त्या यांतल्या छोट्या जाहिराती अजूनही कामाच्या आहेत. वयस्कर मालक फोनवर जाहिरात टाकण्यापेक्षा पेपरात देणे पसंत करतात. तिसरी जागा मोबाइलवरची संकेतस्थळे आणि परिसरातले फोनगट. चौथी एजंट. भाड्याच्या घराला साधारण एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून मागण्याची पद्धत आहे. ती कधी द्यायची, घर पाहिल्यावर की करार झाल्यावर, हे पहिल्याच फोनवर बोलून घ्या. नुसते घर दाखवण्याचे पैसे मागणाऱ्याबरोबर पुढे जाऊ नका.

वेळेचेही एक गणित आहे. वार्षिक परीक्षा संपल्या की एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत घरे रिकामी होतात आणि तितक्याच झपाट्याने भरतात. पितृपक्षात लोक घर बदलत नाहीत. तेव्हा मालकाचे घर रिकामे पडून असते आणि भाड्यावर शांतपणे बोलता येते. तुम्हाला त्याचे काही वावगे वाटत नसेल तर तो पंधरवडा घर शोधायला उत्तम. आणखी एक, शहरातल्या कित्येक फ्लॅटचे मालक निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडचे बागायतदार आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी शहरात घर घेऊन ठेवलेले असते. द्राक्षांच्या हंगामात, म्हणजे जानेवारी ते एप्रिल, त्यांना फोन घ्यायलाही उसंत नसते. उत्तर आले नाही म्हणून नकार समजू नका, दुपारच्या जेवणाच्या वेळी पुन्हा लावा.

पायरी ३ : पाटी वाचायला शिका

जाहिरातीतले शब्द नीट समजले की अर्धी पायपीट वाचते.

‘रो हाऊस’ म्हणजे एकमेकांना भिंत लागून असलेली, वर-खाली मिळून एकाच कुटुंबाची घरे. नाशिकमध्ये ही खूप आहेत आणि नवीन कुटुंबांना मी आवर्जून सुचवते, कारण अंगणात तुळस लावता येते आणि शेजार आपोआप जुळतो. ‘सेमी फर्निश्ड’ म्हणजे काय हे मालकागणिक बदलते. कुठे पंखे आणि ट्यूब एवढेच असते, कुठे स्वयंपाकघरातली ट्रॉली, कपाटे आणि गिझरही. फोनवर एकेक वस्तू विचारा. क्षेत्रफळ सांगितले की ‘कार्पेट किती?’, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरायची जागा किती, हा एकच प्रश्न करा. ‘सुपर बिल्टअप’चा आकडा जिना, लॉबी धरून फुगवलेला असतो.

‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त फॅमिली’, ‘बॅचलर नको’ असे बरेच ठिकाणी लिहिलेले असेल. कधी लिहिलेले नसते, पण आडनाव ऐकल्यावर घर अचानक ‘कालच दिलं’ होते. हे घडते आणि मला त्याचे फार वाईट वाटते. अशा दारात वाद घालण्यात तुमची संध्याकाळ घालवू नका. माणूस पाहून घर देणारे मालक या शहरात भरपूर आहेत आणि त्यांच्यापर्यंत ओळखीचा माणूसच नेतो.

विक्रीच्या पाटीवर ‘हायवे टच’, ‘प्रस्तावित रिंग रोडलगत’, ‘सिंहस्थात भाव दुप्पट’ असे लिहिलेले असेल तर तिथे थांबा. प्रस्तावित रस्ता म्हणजे तयार रस्ता नव्हे. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या नावाने बरेच काही विकले जाते. जमिनीचा दर पाहायचा असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक बाजारमूल्य दर, ज्याला सगळे रेडीरेकनर म्हणतात, ते ऑनलाइन उघडून पाहा. बाजारभाव त्याहून वेगळा असतो, पण बोलणीला एक आधार मिळतो.

एका फसवणुकीबद्दल ठळकपणे सांगते. नाशिकमध्ये तोफखान्याची केंद्रे आहेत, लष्करी कुटुंबे आहेत, त्यांच्याविषयी लोकांना आदर आहे. याचाच फायदा घेऊन ‘मी लष्करात अधिकारी आहे, बदली झाली, घर न पाहताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो तो स्कॅन करा, पैसे जमा होतील’ असे फोन घरमालकांना येतात. उलट बाजूने भाडेकरूंनाही ‘मी बाहेरगावी आहे, टोकन पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असे सांगितले जाते. पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड कधीही स्कॅन करावा लागत नाही. घर आत जाऊन पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पायरी ४ : घर पाहायला जाल तेव्हा

दिवसा एकदा आणि रात्री एकदा जा. नळ उघडा. महापालिकेचे पाणी किती वाजता येते, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का आणि त्याचे पैसे कोण देते, हे मालकाला नव्हे, समोरच्या दारातल्या वहिनींना विचारा. वीजबिलावर नाव कोणाचे आहे, घरपट्टी थकली आहे का, हेही पाहा.

पूर हा नाशिकमध्ये घर घेण्याआधी विचारायचाच प्रश्न आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले यावरून जुने नाशिककर पुराचा अंदाज घेतात. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदाकाठच्या वस्तीत आणि बाजारपेठेत पाणी शिरले होते. गोदावरीपुरतेच पाहू नका. नासर्डी, जिला आता नंदिनी म्हणतात, वाघाडी, वालदेवी याही नद्या पावसाळ्यात फुगतात. जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर नदीच्या आसपास असेल तर ते कोणत्या रेषेत येते हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. शिवाय शेजारच्या आजोबांना विचारा, “सोळा साली पाणी कुठपर्यंत आलं होतं?” ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

जुन्या नाशकात, सराफ बाजार, भद्रकाली, रविवार कारंजा या भागात वाड्यांतल्या खोल्या स्वस्तात मिळतात. त्या वाड्यांचे वातावरण मला मनापासून आवडते. पण पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि दरवर्षी कुठे ना कुठे भिंत ढासळते. नोटीस आलेल्या वाड्यात लहान मुले घेऊन राहू नका, भाडे कितीही कमी असले तरी.

पायरी ५ : भाडेकरार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. ‘स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू’ असे मालक म्हणाले तर नम्रपणे सांगा, “काका, नोंदणीच करू, खर्च अर्धा-अर्धा वाटून घेऊ.” नोंदणी न झालेल्या करारावरून वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे आधी ग्राह्य धरले जाते. त्यामुळे नोंदणी मालकाच्याही हिताची आहे आणि हे सांगितले की बहुतेक मालक लगेच तयार होतात.

खर्च फार नाही. एकूण मुदतीचे भाडे अधिक अनामतीवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. समजा भाडे १२,०००, अनामत ४०,००० आणि मुदत ११ महिने. शुल्क पाचशे रुपयांच्या आतच बसते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. त्यावर हाताळणी शुल्क आणि घरी मशीन घेऊन येणाऱ्या माणसाची फी. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा देऊन हे काम घरबसल्या होते, दुय्यम निबंधक कार्यालयात रांग लावावी लागत नाही.

करारात काय लिहून घ्यायचे? अनामत किती दिवसांत परत, रंगरंगोटीचे पैसे कापणार का, सोसायटीची देखभाल रक्कम कोण भरणार, घर सोडण्याची सूचना किती दिवस आधी. पंचवटी, तपोवन, नाशिकरोड स्टेशन या बाजूला घर घेत असाल तर मुदत कोणत्या महिन्यात संपते ते पाहा. सिंहस्थाच्या काळात यात्रेकरूंना खोल्या देण्यासाठी मालक घर रिकामे मागू शकतो. ‘करार संपलाय, ऑगस्टमध्ये घर हवंय’ असे ऐकण्यापेक्षा आत्ताच मुदत पुढेपर्यंत बोलून घ्या.

भाडेकरू ठेवला म्हणून गृहनिर्माण सोसायटी मालकाकडून जे बिनवास शुल्क घेते ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. ते तुमच्या माथी मारले जात असेल तर हा नियम माहीत असू द्या. करार झाला की भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते. ती मालकाने ऑनलाइन द्यावी, तुम्ही ओळखपत्र आणि फोटो तयार ठेवा.

पायरी ६ : विकत घेणार असाल तर

किमान एक पावसाळा भाड्याने राहा, मग घ्या. हा माझा आग्रहच आहे. चार महिन्यांत भाग, माणसे, गळती आणि पाणी सगळे कळते.

नवीन प्रकल्पातला फ्लॅट असेल तर जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असायलाच हवा. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाका. तिथे मंजूर नकाशे, पूर्ण होण्याची तारीख, किती घरे विकली, खटले आहेत का, सगळे दिसते. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमिनीवरच्या किंवा आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला ही नोंदणी सक्तीची आहे. अशा प्रकल्पात घर विकणारा एजंटही महारेराकडे नोंदलेला हवा. करार नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताबा घेताना भोगवटा दाखला, म्हणजे इमारत राहायला वापरण्याची महापालिकेची परवानगी, मागा. ‘दाखला येईल, तुम्ही राहायला या’ यावर विसंबून सामान हलवू नका.

जुन्या फ्लॅटसाठी सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा (बोलीभाषेतला इंडेक्स टू), आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, सोसायटीचे भागपत्र किंवा डीड ऑफ अपार्टमेंट, कर्ज असल्यास बँकेचे पत्र हे पाहा. सिडको भागातली घरे सिडको या सरकारी महामंडळाने मूळची भाडेपट्ट्याने दिलेली आहेत. तिथे सिडकोच्या नोंदीत घर खरोखर विकणाऱ्याच्या नावावर चढले आहे का ते तपासा, कारण काही घरे मुखत्यारपत्रावर हातोहात फिरलेली असतात. मुखत्यारपत्र किंवा नोटरी केलेला कागद म्हणजे मालकी नव्हे. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि पेपरात जाहीर नोटीस द्या. विकणाऱ्याच्या एखाद्या भावाचा, बहिणीचा हक्क राहिला असेल तर तो त्या नोटिशीनंतर समोर येतो.

प्लॉटच्या बाबतीत जास्त सावध राहा. त्र्यंबक रोड, इगतपुरी, गिरणारे या बाजूला ‘डोंगराच्या कुशीत फार्महाऊस प्लॉट’ अशा पाट्या खूप दिसतात. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावे लागते. प्लॉट बिनशेती झालेला आहे का, ले-आउट अंतिम मंजुरीचा आहे का, सातबारा तुमच्या तुकड्याचा स्वतंत्र होणार की अनेकांच्या नावे सामाईक राहणार, हे विचारा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. त्यात ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिले असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. ‘इतर हक्क’ हा रकाना ओळ न् ओळ वाचा. बोजा, कुळाची नोंद, आदिवासी जमिनीचा शेरा सगळे तिथेच असते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी या तालुक्यांत आदिवासी कुटुंबांच्या जमिनी आहेत आणि त्या बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाहीत. कोणी ‘नावावर नंतर करू’ म्हणाले तर तिथून उठा. त्या जमिनी त्या माणसांच्या हातून जाऊ नयेत म्हणून तो कायदा आहे आणि तो असायलाच हवा.

व्यवहार ठरला की क्रम असा: इसार म्हणजे आगाऊ रक्कम, तिची इसारपावती, साठेखत म्हणजे विक्रीचा करार, मग खरेदीखत. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. घरात हा विषय जरूर काढा.

पायरी ७ : वाढदिवसाच्या यादीत नाव लावा

सामान लागले, गॅस आला. आता सोसायटीच्या सचिवांना किंवा वाढदिवसाची वही सांभाळणाऱ्या ताईंना भेटा आणि घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस द्या. फक्त दिनांक आणि महिना द्या, जन्मवर्ष नको. नाव, पूर्ण जन्मतारीख आणि फोन नंबर एकत्र फिरू लागले की ठगांना आयतेच सापडतात. यादीत वर्षे लिहायची पद्धत असेल तर ती बदलायला तुम्हीच सुचवा, लोक ऐकतात.

बहुतेक ठिकाणी महिन्याच्या एखाद्या शनिवार-रविवारी त्या महिन्यातले सगळे वाढदिवस एकत्र साजरे होतात. वर्गणी ठरलेली असते, ती पहिल्याच वेळी न मागता द्या. १ जूनला मोठा कार्यक्रम दिसला तर चकित होऊ नका. आजी-आजोबांच्या पिढीत जन्माची नोंद नसलेल्या मुलांना शाळेत घालताना गुरुजी १ जून ही तारीख लिहून टाकत. त्यामुळे आमच्याकडे त्या दिवशी आजी-आजोबांची रांगच असते. त्यांतल्या कुणाला त्यांचा खरा दिवस विचारा. ‘आई सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी’ असे काही ऐकायला मिळते आणि मग पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या दारात नुसते डोकावलात तरी त्यांना केवढा आनंद होतो. काहींचे वाढदिवस तिथीने असतात. ते दरवर्षी पंचांगात पाहावे लागतात.

कार्यक्रमाची रीत साधी आहे. पाटाभोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. औक्षण आधी, केक नंतर. ज्येष्ठांना ज्योत फुंकरीने विझवणे आवडत नाही, म्हणून मेणबत्ती ठेवायची की नाही हे आधी विचारा. औक्षणाला कोणी बोलावले आणि तुमच्याकडची रीत वेगळी असली तरी पुढे व्हा, शेजारची काकू हळूच सांगते काय करायचे ते. आमच्या भागात आता नवरा हयात नसलेल्या आजींनाही औक्षणाला आवर्जून पुढे बोलावतात. तुमच्या सोसायटीत तसे होत नसेल तर तुम्ही त्यांचा हात धरून पुढे घ्या.

केक बिनअंड्याचा आणा. तो दिवस चतुर्थी, एकादशी किंवा श्रावणी सोमवार असेल तर काही जणांचा उपवास असतो, त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी किंवा फळे वेगळी काढा. आहेर म्हणून पाकीट द्यायचे तर ५१, १०१, १५१ असे, वर एक रुपया. निमंत्रणात ‘आहेर आणू नये’ असेल तर खरोखर नेऊ नका. एकसष्टी, पंच्याहत्तरी आणि ऐंशीनंतरचे सहस्रचंद्रदर्शन हे मोठे प्रसंग. तिथे शाल-श्रीफळ द्यायची पद्धत आहे आणि दोन शब्द बोलायला सांगितले तर नाही म्हणू नका. इमारतीत कुणाकडे सुतक असेल तर कार्यक्रम पुढे ढकलतात. नवीन माणसाला हे ठाऊक नसते म्हणून सजावट आणण्याआधी सचिवांना एक फोन करा.

गाणी रात्री दहाच्या आत बंद. दहा ते सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि वर आजारी माणूस असू शकतो. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचा मोह टाळा. परवानगीशिवाय लावलेला फलक महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम १९९५ खाली येतो आणि वळणावर तो समोरची गाडी झाकतो. तेवढ्या पैशांत सोसायटीच्या आवारात दोन झाडे लावता येतात, वॉचमनच्या मुलांना वह्या देता येतात. वॉचमनचा आणि झाडू मारणाऱ्या ताईंचा वाढदिवसही यादीत आहे का, ते पाहा. नसेल तर घाला.

शहराचेही वाढदिवस आहेत आणि ते नव्या माणसाला कुणाच्या ओळखीशिवाय साजरे करता येतात. रामनवमीला दुपारी बाराला काळाराम मंदिरात रामजन्म होतो आणि पुढे कामदा एकादशीला श्रीरामाचा आणि गरुडाचा रथ निघतो. त्या दिवशी पंचवटीत घरोघरी रांगोळ्या असतात. १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंती असते. ज्या काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० ला प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला त्या शहरात ती जयंती पाहणे वेगळेच आहे, मुलांना घेऊन जा. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. ते याच शहरात राहत होते आणि गंगापूर रोडच्या कुसुमाग्रज स्मारकात त्या दिवसांत कार्यक्रम असतात. १९ फेब्रुवारीला शिवजयंती आणि काही मंडळांची तिथीनेही. यांतल्या एखाद्या ठिकाणी शेजाऱ्यांबरोबर गेलात की परतताना चहाच्या टपरीवर घरांचे विषय निघतातच.

पायरी ८ : घर सोडताना तुमची पाटी नीट लिहा

बदली होईल, मोठे घर घ्याल, केव्हातरी हे घर सोडाल. तेव्हा पुढच्या माणसासाठी पाटी लिहिण्याचे काम मालकावर न टाकता तुम्ही करा. घर तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत झालेले असते. अशी लिहा:

“भाड्याने देणे आहे. इंदिरानगर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर, कार्पेट ६१० चौरस फूट. महापालिकेचे पाणी सकाळी, वापराला बोअरवेल. दुचाकीला छपराखाली जागा, चारचाकी रस्त्यावर. भाडे १२,०००, देखभाल ८०० वेगळी, अनामत ४०,०००. नोंदणीकृत करार. १ जूनपासून रिकामे. कुटुंब किंवा नोकरदार, कुणीही चालेल. पाहायला सायंकाळी ६ ते ८.”

लिफ्ट नाही आणि चारचाकीला जागा नाही हे लिहिले म्हणून घर जायचे थांबत नाही. उलट ज्यांना ते चालणार आहे तेच येतात. पाटीवर फ्लॅट नंबर आणि ‘सध्या घर बंद आहे’ असे लिहू नका, चोराला ते निमंत्रण ठरते. फोन नंबर मालकाच्या परवानगीने द्या आणि घरात एकटी आजी राहत असेल तर तिचा नंबर कधीही देऊ नका.

सोसायटीच्या फलकावर चिठ्ठी लावा, किराणा दुकानदाराला एक प्रत द्या, घर गेल्यावर दोन्ही काढून टाका. शेवटच्या महिन्यात वीजबिल, पाणीपट्टी आणि देखभालीच्या पावत्यांचे फोटो काढून मालकाला पाठवा, किल्ली देताना मीटरचे आकडे दोघांनी मिळून लिहा आणि अनामत परत मिळाल्याची नोंद त्याच कागदावर सही करून घ्या. वाढदिवसाच्या वहीतले तुमचे नाव मात्र खोडायला सांगू नका, फक्त नवा पत्ता लिहून द्या.